साठ गोधड्या, नऊ लाख येन

काल रात्री सरकारी पोर्टलवरून ई-बीआरसीची, म्हणजे निर्यातीचे पैसे आल्याच्या प्रमाणपत्राची, पीडीएफ उतरवून घेतली आणि पहिल्या निर्यातीची फाईल एकदाची बंद केली. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेलं प्रकरण, आता सप्टेंबर संपत आलाय. मधल्या सात महिन्यांत जे जे कुणी आधी सांगितलं असतं तर बरं झालं असतं, ते क्रमाने लिहून ठेवते.

मी व्यापाऱ्याच्या घरातली नाही, कॉमर्सही शिकलेले नाही. लालबागला राहते. गेली चार वर्षं आसपासच्या सात जणींना घेऊन गोधड्या करते. जुन्या लुगड्यांच्या नाहीत, मंगलदास मार्केटमधून आणलेल्या नव्या सुती कापडाच्या, आत मांजरपाट आणि वरून हाताचा धावदोरा. विक्री आतापर्यंत प्रदर्शनं, ओळखीपाळखी आणि इन्स्टाग्राम एवढीच होती. जानेवारीत जपानमधल्या एका छोट्या दुकानाच्या मालकीणबाईंनी मेसेज करून दोन नमुने मागवले. मग २० फेब्रुवारीला विचारणा आली: साठ गोधड्या हव्यात, भाव येनमध्ये सांगा.

इथे मी पहिली चूक केली, आणि ती चूक आहे हे कळायला दोन महिने लागले. फोनवर दर पाहिला. शंभर येनला ५५ रुपये ३० पैसे. एका गोधडीला कापड, दोरा, मजुरी, पॅकिंग धरून ५,८०० रुपये पडत होते. मला साधारण ८,३०० मिळायला हवे होते. भागाकार केला, १५,००० येन आले. गोल आकडा, छान दिसला, पाठवून दिला. साठ गोधड्यांचे ९ लाख येन, म्हणजे ४,९७,७०० रुपये. कापड आणि मजुरीचे ३,४८,००० वजा, कागदपत्रं आणि इथल्या वाहतुकीचे वीस-बावीस हजार वजा, म्हणजे सव्वा लाख उरतील असा हिशेब मी वहीत लिहून खाली दोन रेघा मारल्या. अटी अशा ठरल्या: ३० टक्के आगाऊ, बाकीचे माल निघाल्यापासून साठ दिवसांनी, विमानाचं भाडं त्यांचं.

फोनवर दिसतो तो बाजारातला मधला दर. तो आपल्याला कधीच मिळत नाही. बँक आपल्याकडून येन विकत घेते तो टीटी बाइंग रेट, आणि लहान रकमेला तो मधल्या दरापेक्षा एक-दीड टक्का खाली असतो. भाव काढताना बँकेला फोन करून 'आजचा टीटी बाइंग काय' एवढं विचारलं असतं तरी पुरे होतं.

मग कागदपत्रं. याची मला सगळ्यात जास्त धास्ती होती, आणि प्रत्यक्षात हाच भाग सगळ्यात सोपा निघाला. आयात-निर्यात कोड, म्हणजे आयईसी, डीजीएफटीच्या, म्हणजे परकीय व्यापार महासंचालनालयाच्या, पोर्टलवर घरबसल्या निघतो. फी ५०० रुपये. चर्चगेटच्या ऑफिसात जावं लागेल म्हणून मी रजा घेऊन ठेवली होती, ती फुकट गेली. आयईसीचा नंबर म्हणजे आपलाच पॅन. मात्र दरवर्षी एप्रिल ते जूनमध्ये पोर्टलवर जाऊन माहिती 'अपडेट' करावी लागते, बदल काही नसला तरी. नाही केली तर कोड निष्क्रिय होतो.

जीएसटी नोंदणी माझी आधीपासून होती. निर्यातीवर कर न भरता माल पाठवायचा तर एलयूटी नावाचं हमीपत्र जीएसटीच्या साइटवर भरायचं. मी ते ५ मार्चला भरलं आणि निश्चिंत झाले. हे हमीपत्र आर्थिक वर्षापुरतंच असतं! ३१ मार्चला माझं संपलं, आणि माल निघणार होता जूनमध्ये. सीएचएने, म्हणजे कस्टमचं काम बघणाऱ्या एजंटने, मे महिन्यात सहज विचारलं, "मॅडम, एलयूटी चोवीस-पंचवीसचं आहे ना?" तेव्हा माझ्या पोटात गोळा आला. त्याच रात्री नवीन भरलं. फी नाही, दहा मिनिटांचं काम, पण राहिलं असतं तर शिपिंग बिल, म्हणजे निर्यातीसाठी कस्टमला द्यायचा कागद, अडलं असतं.

वेळ लागला तो एडी कोडला. हा आपल्या बँकेच्या शाखेचा चौदा आकडी नंबर. बँकेकडून ठरलेल्या नमुन्यात पत्र घ्यायचं आणि ज्या बंदरातून माल जाणार त्या बंदरासाठी आइसगेटवर, म्हणजे कस्टमच्या पोर्टलवर, नोंदवायचं. माझा माल विमानाने, म्हणजे सहारचं एअर कार्गो कॉम्प्लेक्स, कोड आयएनबीओएम४. जहाजाने न्हावाशेव्यातून पाठवायचं झालं तर तिथली नोंदणी वेगळी. माझ्या लालबागच्या शाखेत परदेशी चलनाचं काम होतच नाही, त्यामुळे फोर्टच्या शाखेत तीन खेपा झाल्या. पहिल्या पत्रावर शिक्का नव्हता, दुसऱ्यात माझ्या फर्मच्या नावाचं स्पेलिंग चुकलं. डिजिटल सहीला दोन हजार गेले. पत्र हातात येऊन नोंदणी मंजूर व्हायला एकूण सतरा दिवस. तेव्हा ऑर्डर पक्की होण्याची वाट न बघता आधी एडी कोड करून घ्या.

१७ एप्रिलला आगाऊ रक्कम आली. बँकेचा मेल आला, 'डिस्पोजल इन्स्ट्रक्शन' पाठवा. म्हणजे हे पैसे कशाचे आहेत ते सांगा. निर्यातीच्या आगाऊ रकमेचा कोड पी०१०३. कोड चुकला तर पुढे बँकेच्या नोंदीत हे पैसे तुमच्या शिपिंग बिलाशी जुळत नाहीत, म्हणून इथे घाई करू नका.

पाठवले होते २,७०,००० येन. पोचले २,६७,०००. मधल्या कुठल्याशा बँकेने ३,००० येन वाटेत कापले. पाठवताना 'सगळा खर्च पाठवणाऱ्याचा' असा पर्याय असतो, तो मी करारात लिहून घेतला नव्हता. आणि दर मिळाला ५३.४०. हातात आले १,४२,५७८ रुपये. वहीत लिहिलं होतं १,४९,३१०.

पावणेसात हजारांचा फरक. गोधडी तीच, बाई तीच, टाकाही तोच. मी रात्री बराच वेळ हिशेब तपासत बसले. कुठेतरी बेरीज चुकली असेल असंच वाटत होतं.

आमच्याच मजल्यावर एक काका राहतात, बँकेच्या परकीय चलन विभागातून निवृत्त झालेले. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी गॅलरीत त्यांना कागद दाखवला. त्यांनी चष्मा न लावताच विचारलं, "येनमध्ये भाव दिलास?"

"हो. तिने येनमध्येच मागितला."

"मग त्याची जोखीम तुझी झाली. रुपयात दिला असतास तर तिची झाली असती. डॉलरमध्ये दिला असतास तर दोघींची."

दोन देशांतल्या व्यापाराबद्दल पुस्तकात जे काही असेल ते असो, मला हे तीन वाक्यांत कळलं. माझ्या ८,३०० रुपयांच्या गोधडीला शंभर येनचे ५५.३० मिळत असताना १५,००० येन पडतात. तोच दर ५१.९० वर आला की तिला १६,००० येन मोजावे लागतात. म्हणजे येन पडला की जपानला आपला माल महाग होतो. हा वाढलेला एक हजार कुणीतरी सोसायचाच असतो. भाव रुपयात असेल तर तिचं गिऱ्हाईक सोसेल किंवा गोधडी घेणारच नाही. भाव येनमध्ये असेल तर मी सोसेन.

मी म्हटलं, पण रुपया तर कुठे हललाय? बातम्यांत रोज ८३-साडेत्र्याऐंशीच सांगतात. काका हसले. रुपया आणि येन यांची थेट गाठ फारशी पडतच नाही, म्हणाले, दोघांची गाठ डॉलरच्या घरी पडते. डॉलर किती रुपयांना आणि डॉलर किती येनला, या दोन दरांच्या भागाकारातून आपला दर निघतो. आपला रुपया रिझर्व्ह बँकेने जवळपास जागच्या जागी धरून ठेवला होता. येन मात्र डॉलरपुढे सुटला होता, कारण अमेरिकेत व्याज सव्वापाच-साडेपाच टक्के आणि जपानमध्ये शून्याला चिकटलेलं. जपानच्या मध्यवर्ती बँकेने उणे व्याजदर संपवला तोच मुळी १९ मार्च २०२४ ला. ज्याला कुठेही पैसे ठेवता येतात तो येनमध्ये कशाला ठेवेल? २९ एप्रिलला डॉलर १६० येनला जाऊन आला, १९९० नंतर पहिल्यांदा, आणि जपान सरकारला स्वतःच्या गंगाजळीतले डॉलर विकून येन सावरावा लागला. मी वॉशिंग्टन आणि टोकियोच्या बातम्या वाचणारी बाई नव्हे. पण त्या महिन्यात करी रोडच्या पुलावर उभी राहून वाचल्यात.

काकांना १९९१ आठवलं. १ जुलै आणि ३ जुलै, एका आठवड्यात दोनदा रुपयाचं अवमूल्यन झालं, दोन्ही मिळून १८-१९ टक्के. फोर्टातल्या त्यांच्या ऑफिसात निर्यातदार पेढे वाटत होते आणि ज्यांच्या आयातीचे पैसे द्यायचे बाकी होते ते टेबलासमोर डोक्याला हात लावून बसले होते. "एकाच खोलीत," काका म्हणाले, "आणि दोघांनीही काहीच केलेलं नव्हतं."

तसंच माझ्या घरातही झालं. माझा मावसभाऊ टी-शर्ट शिवून देण्याचं काम करतो, त्याने त्याच सुमाराला जपानी शिलाई मशीन मागवली. येन पडल्यामुळे त्याला ती रुपयात स्वस्त पडली. माझ्यासमोर आनंद आवरायचा प्रयत्न करत होता, जमत नव्हतं.

मेअखेर गोधड्या तयार झाल्या. सातही जणींनी उन्हाळ्यात पंख्याखाली बसून मांडीवर गोधडी घेऊन काम केलं. त्यांची मजुरी नगाला ३,००० ठरली होती आणि ती रुपयातच होती, तिच्यात एक पैसा कमी करण्याचा प्रश्न नव्हता. कमी मिळाले ते मी त्यांना सांगितलं. लपवून ठेवायला बरं वाटेना. त्यातल्या सगळ्यात वयस्क मावशी सुई ओवता ओवता म्हणाल्या, "येन पडला म्हंजे आपल्या गोधडीत काय खोट निघाली का?" मी म्हटलं, नाही. "मग आपण का भरायचे?" याचं उत्तर मला त्या दिवशी देता आलं नाही.

माल निघण्याआधी दोन कागद महत्त्वाचे. एक, उगम प्रमाणपत्र. भारत आणि जपानमध्ये ऑगस्ट २०११ पासून करार लागू आहे, त्यात हे प्रमाणपत्र जोडलं की खरेदीदाराला जकातीत सवलत मागता येते. मालकीणबाईंनी ते आवर्जून मागितलं होतं. कापड कुठलं, दोरा कुठला, किंमत कशी ठरली हे सगळं भरावं लागतं, म्हणून मंगलदासची बिलं जपून ठेवा. दुसरं, मालाचं वर्णन आणि एचएस कोड, म्हणजे माल कुठल्या वर्गात मोडतो ते सांगणारा नंबर. मी आपली कापडाच्या प्रकरणात शोधत होते, पण गोधडी सापडली ९४०४ मध्ये, गाद्या-उशांच्या शेजारी. वर्णनात सीएचएने 'नवीन' हा शब्द मुद्दाम घातला आणि तो कामाला आला. ७ जूनला सहारला दोन खोकी उघडली तेव्हा पहिला प्रश्न तोच आला, हे जुन्या कपड्यांचं आहे का? कापडाची बिलं दाखवली, पाच मिनिटांत मिटलं.

त्याच दिवशी लेट एक्स्पोर्ट ऑर्डर मिळाली. हा शब्द ऐकून मला आधी वाटलं होतं की ऑर्डर 'लेट' झाली! म्हणजे निर्यातीला परवानगी. लालबाग ते सहार टेम्पोचे १,८००, सीएचए आणि टर्मिनलचे मिळून साडेचौदा हजार.

शिपिंग बिलावर मालाची रुपयातली किंमत पाहून मी पुन्हा गोंधळले. तो दर ना माझा होता, ना बँकेचा, ना फोनवरचा. कस्टमचा दर वेगळा असतो. पंधरवड्याला, पहिल्या आणि तिसऱ्या गुरुवारी, तो जाहीर होतो. तेव्हा त्याची अधिसूचना निघायची, जुलैपासून तो आइसगेटवर आपोआप चढतो. आयातीचा वेगळा, निर्यातीचा वेगळा, आणि येनचा भाव शंभर येनला. ड्रॉबॅकसारख्या (निर्यातीवर परत मिळणारी जकात) गोष्टी त्या किमतीवर मोजतात. हातात येणाऱ्या पैशांशी तिचा संबंध नाही, त्यामुळे आकडा जुळत नाही म्हणून झोप उडवून घेऊ नका. मी घेतली होती.

माल गेल्यावर एकवीस दिवसांच्या आत कागद बँकेत द्यायचे असतात. ते दिले, आणि मग साठ दिवसांची वाट बघणं सुरू झालं.

हे साठ दिवस मला सगळ्यात जड गेले. काम संपलेलं, माल पोचलेला, तिकडून 'फार सुंदर' म्हणून मेल आलेला, आणि माझे ६,३०,००० येन हवेत. रोज सकाळी चहाआधी दर बघायचा नाद लागला. ३ जुलैला डॉलर १६१ येनच्याही वर गेला, अडतीस वर्षांतला येनचा नीचांक. शंभर येनचे ५१ रुपये ७० पैसे.

तेव्हा एक गणित केलं, ते लहान धंदेवाल्यांनी नक्की करावं. ५५.३० वरून ५१.७० म्हणजे दर साडेसहा टक्के पडला. ऐकायला किरकोळ वाटतं. पण पूर्ण ऑर्डरवर ते ३२,४०० रुपये होतात, आणि माझा नफाच होता सव्वा लाख. म्हणजे नफ्यातला पाव हिस्सा गेला. कापडवाल्याचे पैसे कमी होत नाहीत, मजुरी कमी होत नाही, सगळी घट शेवटच्या ओळीवर येऊन बसते.

काका म्हणाले, घाबरली असशील तर फॉरवर्ड कर. म्हणजे पैसे ऑगस्टमध्ये येणार असले तरी दर आजच बँकेशी पक्का करायचा. शिवाय येनच्या बाबतीत एक गंमत आहे. तेव्हा आपल्याकडे रिझर्व्ह बँकेचा रेपो दर साडेसहा टक्के होता, तिकडे व्याज जवळपास शून्य. हा व्याजातला फरक फॉरवर्डच्या दरात भरून निघतो, म्हणून पुढच्या महिन्याचा येन आजच्यापेक्षा थोडा महाग मिळतो. येन विकणाऱ्याला तो फायदाच. (एका ओळखीच्या शेअर दलालाने एक्स्चेंजवरच्या येन फ्युचर्सचंही सुचवलं होतं. तो लॉट एक लाख येनचा असतो. रोजचा नफातोटा रोज खात्यात बघायची माझी छाती नाही, म्हणून तो विषय तिथेच सोडला.)

८ जुलैला सोमवारी फोर्टला जायचं ठरवलं. आदल्या रात्रीपासून असा पाऊस लागला की सकाळी लोकल ठप्प. काही ठिकाणी सहा तासांत तीनशे मिलिमीटर पाऊस झाला तो हाच दिवस. मंगळवारीही अलर्ट होता. १० तारखेला पोचले. बँकेतल्या गृहस्थांनी आधी रक्कम ऐकून मान हलवली, एवढ्या छोट्या रकमेला फॉरवर्ड कुणी करत नाही. मी बसून राहिले. मग फॉर्म निघाला, शिपिंग बिल आणि इन्व्हॉइसची प्रत लागली, आणि दहा टक्के रकमेची ठेव तारण ठेवावी लागली. पैसे नक्की कुठल्या तारखेला येतील ते ठाऊक नसतं, म्हणून ठरावीक दिवसाऐवजी 'ऑप्शन पिरियड' मागून घ्या, म्हणजे काही दिवसांची खिडकी मिळते. मला १ ते २० ऑगस्ट मिळाली. सगळं बांधून टाकायचा धीर झाला नाही. ३ लाख येन बांधले, ५१.६० ला. बाकीचे ३,३०,००० मोकळे ठेवले.

बाहेर आले तेव्हा पाऊस थांबला होता. खूप हलकं वाटत होतं.

दुसऱ्याच दिवशी, ११ जुलैला, अमेरिकेतल्या महागाईचा आकडा अपेक्षेपेक्षा कमी आला, जपान सरकारही येनच्या बाजूने बाजारात उतरलं, आणि येन वर गेला. मग थांबलाच नाही. ३१ जुलैला जपानच्या बँकेने व्याजदर पाव टक्क्यावर नेला. ज्यांनी स्वस्तात येन उसने घेऊन दुसरीकडे गुंतवले होते ते घाईघाईने येन परत विकत घेऊ लागले. ५ ऑगस्टच्या सोमवारी जपानचा निक्केई बारा टक्क्यांहून जास्त कोसळला, आपला सेन्सेक्स २,२२२ अंकांनी, आणि शंभर येन काही काळ ५९ रुपयांना जाऊन आले.

अख्खी मुंबई त्या दिवशी तोंड पाडून बसली होती आणि मी बँकेचं ॲप उघडून बघत होते की माझे पैसे आज येतात का. नाही आले. मुदत ६ ऑगस्टची होती. ७ तारखेला जपानच्या बँकेचे डेप्युटी गव्हर्नर म्हणाले की बाजार अस्थिर असताना व्याज वाढवणार नाही, आणि येन परत खाली घसरला. माझे पैसे आले ८ तारखेला.

हिशेब असा झाला. आले ६,२७,००० येन, कारण ३,००० याही वेळी वाटेत गेले. त्यातले ३ लाख ठरल्याप्रमाणे ५१.६० ने, म्हणजे १,५४,८०० रुपये. उरलेले ३,२७,००० त्या दिवशीच्या ५६.४० ने, म्हणजे १,८४,४२८. आगाऊ धरून एकूण ४,८१,८०६. फॉरवर्ड केलं नसतं तर १४,४०० रुपये जास्त मिळाले असते, म्हणजे जवळजवळ वहीतल्या आकड्यापर्यंत पोचले असते. चलन बदलण्यावरचा जीएसटी तिन्ही वेळचा मिळून सातशेच्या आसपास. सगळा खर्च वजा जाता हातात लाखाच्या थोडं वर राहिलं.

त्या १४,४०० नी मला आठवडाभर टोचलं. काकांकडे गेले तेव्हा ते म्हणाले, "१० जुलैला तुला हे माहीत होतं?" नव्हतं. "मग ते तुझे नव्हतेच." हे त्यांच्यासारख्या पेन्शनवाल्या माणसाने म्हणणं सोपं आहे, असं माझ्या मनात आलं. पण खरं सांगायचं तर १० जुलैनंतर मी सकाळचा चहा निवांत पीत होते, हेही तितकंच खरं. आता विचारलं तर पुन्हा अर्धेच बांधीन.

शेवटचं लचांड म्हणजे कागद बंद करणं. शिपिंग बिल ९ लाख येनचं, आले ८,९४,०००. बँकेच्या नोंदीत ६,००० येन थकबाकी दिसत राहिले. वाटेतल्या बँकांनी कापलेले आहेत असं पत्र आणि पैसे पाठवल्याच्या पावत्या जोडून दिल्यावर ते मिटलं. ई-बीआरसी हल्ली निर्यातदारानेच डीजीएफटीच्या पोर्टलवर स्वतः तयार करायचं असतं, बँक फक्त पैसे आल्याची नोंद वर चढवते. ती नोंद चढायला तीन आठवडे गेले. त्यात गणपती आले, आणि त्या दहा दिवसांत लालबागमधून बाहेर पडून फोर्टला जाणं म्हणजे काय ते इथे राहणाऱ्यालाच कळेल.

मध्ये एकदा बीकेसीला गेले होते. तिथे बुलेट ट्रेनच्या स्टेशनचा खड्डा बघत उभी राहिले. त्या प्रकल्पाला जपानचं येनमधलं कर्ज आहे, ०.१ टक्का व्याज, फेड पन्नास वर्षांची, पहिली पंधरा वर्षं हप्ता नाही. अटल सेतूलाही जपानचंच कर्ज. पूर्वी हे वाचून 'किती स्वस्त' एवढंच म्हटलं असतं. आता मनात आलं की पन्नास वर्षं रोज सकाळी हा दर कोण बघत बसणार आहे?

दुसरी ऑर्डर गेल्या आठवड्यात आली. ऐंशी नग. आणि मालकीणबाईंनी अगदी गोड शब्दांत लिहिलं, आता येन वधारलाय, तर येनमधला भाव थोडा कमी करता येईल का? येन पडला होता तेव्हा मी भाव वाढवून मागितला नव्हता, हे तोंडावर आलं होतं. गिळलं. यावेळी १४,५०० येन लिहिले, आणि खाली एक ओळ जोडली: हा भाव शंभर येनला ५७ रुपये धरून आहे, पैसे देण्याच्या दिवशी दर तीन टक्क्यांहून जास्त इकडेतिकडे झाला तर त्यापुढचा फरक दोघींनी निम्मा निम्मा वाटून घ्यायचा. बँकांचा सगळा खर्च पाठवणाऱ्याचा. दर कुठला धरायचा तेही लिहिलं, एफबीआयएल ही संस्था दुपारी जाहीर करते तो संदर्भ दर. त्यांनी दोन दिवस घेतले आणि मान्य केलं.

काल मावशींना ही ओळ समजावून सांगितली. त्यांनी विचारलं, आज किती आहे? म्हटलं, ५८ च्या वर.

"म्हंजे चांगलं ना?"

"अजून पैसे यायचेत, मावशी."

"बरं," म्हणाल्या, आणि दोरा दाताने तोडला.